धाव आणि मुरड

भाच्याने पन्नास राऊंडचा डबा माझ्यापुढे सरकवला. "मामा, तूच बघ. दुकानातल्यापेक्षा कमी नाहीत."

टेक्ससमधलं त्याचं गॅरेज. एका अंगाला गाडी, दुसऱ्या अंगाला जाड फळीचा बाक आणि त्यावर बोल्टांनी आवळलेला निळा प्रेस. महिन्यातून दोनदा तो पिस्तुलाच्या स्पर्धेला जातो आणि मधल्या संध्याकाळी बसून त्यासाठी नऊ मिलिमीटरचे राऊंड भरतो. नगरहून निघताना मी बॅगेत दोन वस्तू मुद्दाम घेतल्या होत्या. एक, ताईने लेकासाठी दिलेली शेंगदाण्याची चटणी. दुसरा, माझा व्हर्निअर. चटणी पहिल्याच आठवड्यात संपली. व्हर्निअर त्या दिवशी बाहेर निघाला.

पन्नासच्या पन्नास मापले. सगळ्यात आखूड २८.५५ मिलिमीटर, सगळ्यात लांब २८.९५. त्याला हवे होते २८.७०. म्हणजे दोन टोकांत चाळीस शतांशांचा फरक, कारखान्यातल्या बोलीत सोळा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तोंडाशी मापलं तर काही ९.६६, काही ९.५०. पोरगा सॉफ्टवेअरमधला, हुशार, सगळं पुस्तकं वाचून शिकलेला. त्याने लगेच प्रेसमधल्या डायला, म्हणजे साच्याला, दोष दिला. म्हटलं, डाय लोखंडाची आहे, तिच्या मनात काही नसतं. जा, चहा टाक, मग सांगतो.

जे सांगितलं ते नंतर त्याच्याच हट्टापायी लिहून काढलं. त्यातलं माझं थोडं, बरंचसं आमच्या चार्जमनचं. मी दारूगोळा कारखान्यात एक्झामिनर होतो. कुठल्या, ते सांगत नाही. गप्प बसायची सवय पेन्शन सुरू झाली म्हणून सुटत नाही.

इथल्या वाचकाने मात्र हे घरी करायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे. कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही काडतुसातच धरली जातात. भाचा आता तिकडचा नागरिक आहे. तिथे स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, विकायला लागतो. भिंगारच्या आमच्या गल्लीत तोच प्रेस मांडला तर पोलीस येतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. आपल्याकडे हे काम कारखान्यांचं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, भुसावळजवळ वरणगावचा आहे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. तिथे नव्याने लागलेल्या पोरांच्या हाती हे पडलं तर मला आनंदच आहे.

शब्दांचा घोळ नको म्हणून सांगतो. पितळेची ती पुंगळी. तिच्या तोंडात बसते ती गोळी. बुडाला टोपी, पोटात दारू, आणि सगळं मिळून झाला राऊंड. पेपरवाले या सगळ्यालाच गोळी म्हणतात, पण मापं घेणाऱ्याला तसं म्हणून चालत नाही.

आता मुद्द्याचं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा, ते मी तासन्‌तास बघत बसायचो. धाव चाकाहून मुद्दाम थोडी लहान करायची. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली की ती फुगते. चौघांनी सांडशीत धरून ती चाकावर उतरवायची आणि वरून घागरी रित्या करायच्या. चर्र करून वाफ उठायची, आणि गार होता होता धाव अशी आवळायची की आऱ्या करकरायच्या. धाव टिकते ती या आवळण्यावर. माप चुकलं तर वरून कितीही खिळे मारा, महिनाभरात ती रस्त्यात निघते.

राऊंडमध्ये गोळीला धरून ठेवते ती हीच ताकद, फक्त जाळ नाही. आवळणाऱ्या साइझिंग डायमधून गेलेली पुंगळी आतून गोळीपेक्षा लहान होते. गोळी ९.०२ असेल तर तोंड थोडं रुंदावणाऱ्या एक्स्पांडरनंतर पुंगळीचं आतलं माप ८.९५ च्या आसपास राहतं. गोळी आत दाबली की पितळ ताणलं जातं आणि मूळ जागी परत यायला बघतं. ते बघणं म्हणजेच पकड. भाच्याची समजूत उलटी होती. त्याच्या लेखी पकड यायची ती शेवटच्या क्रिम्पने, म्हणजे पुंगळीचं तोंड आवळण्याने. म्हणून गोळी सैल वाटली की पठ्ठ्या क्रिम्पची डाय पाव फेरा खाली करायचा. सैल धावेला खिळे मारत होता.

नगरच्या माणसाला हे खरं तर सांगायलाच नको. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये आपल्या नगरात ओतली गेली, मुहम्मद बिन हुसेन रूमीने. तोंडातून भरायच्या तोफेत गोळा नळीपेक्षा लहानच ठेवावा लागतो, नाहीतर तो आत जाणार कसा? मग उडताना बाजूच्या फटीतून धूर आणि जोर निसटतो, आणि गोळा नळीत आपटत बाहेर पडतो. दर वेळी वेगळा. पितळी पुंगळी आली तेव्हा हा सगळा सैलपणा गेला, पण फुकट गेला नाही. नळीच्या तोंडाशी व्हायचं ते बसवणं आता पुंगळीच्या तोंडाशी होतं, आणि तिथे हिशेब सुतात नाही, शतांशात असतो.

म्हणून सीटिंग (गोळी बसवणं) आणि क्रिम्पची तक्रार आली की त्या दोन डायकडे शेवटी बघायचं. आधी पुंगळ्यांची बादली उलटी करायची. भाच्याची बादली म्हणजे रेंजवरून झाडून आणलेला दहा कारखान्यांचा माल. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर शिक्का असतो. आपल्याकडे केएफ दिसलं की खडकी. शिक्का वेगळा तर भिंतीची जाडी वेगळी, पितळाचा कडकपणा वेगळा, एक पुंगळी तीनदा उडालेली तर दुसरी तेरा वेळा. जाड भिंतीची पुंगळी गोळीला घट्ट धरते आणि क्रिम्पमध्ये जास्त चेपते, पातळ भिंतीची दोन्हीकडे कमी पडते. डाय एकच, तिला हे कळणार कसं? सराव करताना मिसळ चालते. मापं जुळवायची असतील, तर स्पर्धेचे राऊंड एका शिक्क्याच्या पुंगळ्यांत भर. एवढ्या एका गोष्टीने त्याचा अर्धा फरक गेला.

निवडताना आत नजर घाल. काही पुंगळ्यांत आतून पायरी असते, भिंत अचानक जाड होते. त्या सरळ भंगारात. आणि तू १४७ ग्रेनच्या लांब गोळ्या भरतोस तेव्हा गोळीचं बूड खोल जातं, जिथे भिंत आधीच जाड होत आलेली असते. तिथे पुंगळीला फुगवटा दिसतो. तो फुगवटा चेंबरमध्ये, नळीतल्या राऊंडच्या घरात, अडतो आणि तू म्हणतोस क्रिम्प बिघडली. ११५ किंवा १२४ ग्रेनला हा त्रास कमी. (ग्रेन म्हणजे काय, असं ताईने फोनवर विचारलं होतं. सोनाराची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. तिला लगेच कळलं.)

मग तोंड उघडणं, ज्याला तुम्ही फ्लेअर म्हणता. किती? गोळी बोटांनी ठेवली तर उभी राहावी आणि पुंगळी डोळ्यांसमोर फिरवली तर ती तिरकी दिसू नये. त्याहून जास्त उघडलंस तर पितळ दर वेळी बाहेर-आत वाकतं, कडक होतं आणि तोंडाला चीर पडते. कमी उघडलंस तर कडा गोळीला तासते. काकडीच्या सालीसारखी शिशाची किंवा तांब्याची बारीक साल तोंडाशी निघालेली दिसते. ती साल चेंबरच्या कडेला जाऊन बसते आणि पुढचा राऊंड पुरता आत जात नाही. कोटिंग केलेल्या शिशाच्या गोळीला तोंड जरा जास्त उघडावं लागतं, तांब्याच्या जॅकेटवालीला कमी.

गोळी बसवताना भाच्याच्या तीन चुका होत्या आणि तिन्ही सगळ्यांच्या असतात.

पहिली म्हणजे स्टेम. डायच्या आत गोळीच्या डोक्यावर दाबणारा जो खुंट असतो, त्याचं तोंड गोळीच्या नाकाच्या घडणीशी जुळलं पाहिजे. भाचा गोल नाकाच्या गोळ्या सपाट खुंटाने दाबत होता. सपाट खुंट नाकाच्या टोकावर टेकतो, आणि टोक हा गोळीचा सर्वांत बेभरवशाचा भाग. एका पेटीतल्या गोळ्यांची टोकं दोन-तीन थाऊ इकडेतिकडे असतात, पोकळ टोकाच्या गोळीची त्याहून जास्त. गोल खुंट नाकाच्या बाजूच्या वळणावर बसतो, आणि ते वळण गोळीगणिक फारसं बदलत नाही. त्या खुंटाच्या पोटात मेणाचा आणि शिशाचा काळा थर पण सापडला. थर वाढतो तशी प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा थोडी खोल जाते. दर शंभर राऊंडांनी डाय उघडून खुंट पुसायचा. त्याने ती डाय विकत घेतल्यापासून उघडलीच नव्हती.

दुसरी चूक कळायला मला तास लागला, कारण आमच्याकडची यंत्रं वेगळी. त्याच्या प्रेसमध्ये एक फिरती थाळी आहे. तिच्यावर एकाच वेळी पाच पुंगळ्या असतात आणि एका दांड्याबरोबर पाचही कामं होतात. पाचही जागा भरलेल्या असतात तेव्हा थाळीवर जोर जास्त येतो आणि ती केसभर झुकते. सुरुवातीला आणि शेवटाला दोनच जागा भरलेल्या असतात, तेव्हा ती कमी झुकते. डबा मापला त्यात सगळ्यात आखूड राऊंड सुरुवातीचे आणि शेवटचे निघाले. शिवाय त्याने डाय जुळवली होती ती रिकाम्या थाळीवर एकच राऊंड घेऊन! जुळवायचं ते सगळी घरं भरून. आणि पहिले चार, शेवटचे चार सरावाच्या डब्यात टाकायचे.

तिसरी चूक हाताची. दांडा कधी झटक्यात, कधी आरामात, कधी अर्ध्यावर थांबून टोपी पाहिली आणि मग पुढे. पितळ आणि शिसं दोन्ही दाबाला थोडं वेळाने उत्तर देतात. दर वेळी तोच वेग, खाली पोहोचल्यावर क्षणभर थांबणं, मग सोडणं. आमचे चार्जमन म्हणायचे, हात यंत्रासारखा चालव आणि कान माणसासारखा ठेव. गोळी नेहमीपेक्षा सहज आत गेली तर थांब, तो राऊंड बाजूला काढ. पुंगळी पातळ आहे किंवा चिरलेली आहे. जास्त जोर लागला तरी थांब. व्हर्निअर जे दाखवतो ते दहा मिनिटांनी, तळहात लगेच सांगतो. वाटेत कसलीही शंका आली की दारू दोनदा पडलीय का हे आधी बघायचं. दुप्पट दारूपुढे लांबी-बिंबी सगळं गौण आहे.

लांबीचं मोजमाप करताना टोकापासून मापलंस तर गोळीच्या टोकाचा दोष डायच्या माथी मारशील. मी त्याच्या हार्डवेअरच्या डब्यातून एक जाड नट काढला, त्याचं भोक आतून गुळगुळीत केलं, गोळीच्या व्यासापेक्षा थोडं लहान राहील असं. तो नट गोळीच्या नाकावर ठेवायचा, वळणावर जिथे टेकेल तिथून पुंगळीच्या बुडापर्यंत मापायचं. आकडा काय येतो याला महत्त्व नाही, दहा राऊंडांत तो किती हलतो ते बघायचं. दोन थाऊंच्या आत असेल तर पिस्तुलाला पुष्कळ. तिकडे असलं साधन तयार विकत मिळतं, त्याने नंतर मागवलंही. पण नट अजून बाकावर आहे असं म्हणतो.

आता क्रिम्प. आमची आई करंजीला मुरड घालायची. कातण्याने कापलेली करंजी पण चांगली दिसते, पण मुरड घातलेली कढईत कधी फुटत नाही. सगळ्यांच्या डोक्यात क्रिम्प म्हणजे ही मुरड असते: कडा आत वळवायची आणि दाबून टाकायची. नऊ मिलिमीटरला हे चालत नाही, आणि का चालत नाही ते कळलं की हात आपोआप हलका होतो.

हा राऊंड चेंबरमध्ये अडतो तो तोंडाच्या कडेवर. याच्या बुडाला बाहेर आलेली कडा नाही, रिव्हॉल्व्हरच्या राऊंडला असते तशी. पुढे पुंगळीचं तोंड चेंबरमधल्या पायरीला टेकतं, तिथे राऊंड थांबतो आणि मागून पिन टोपीवर आपटते. आता तू त्या तोंडाची मुरड घालून टाकलीस तर टेकायला कडाच राहिली नाही. राऊंड जास्त पुढे जाणार, पिनचा ठोका कमी पडणार, कधी वाजणार, कधी नाही. म्हणून याला टेपर क्रिम्प. ती खरं तर क्रिम्पसुद्धा नाही. आधी उघडलेलं तोंड मिटवायचं, भिंत सरळ करायची आणि जेमतेम केसभर आत झुकवायची.

आकडा स्वतः काढता येतो. गोळीचा व्यास, अधिक दोन भिंती. गोळी ९.०२, तुझ्या त्या शिक्क्याच्या पुंगळीची भिंत तोंडाशी ०.२९, दोन्हींची मिळून ०.५८. झाले ९.६०, म्हणजे ३७८ थाऊ. तोंडाशी तेवढं आलं की थांब, फार तर एक थाऊ कमी. मानकातली कमाल ९.६५ आहे, त्याहून मोठं तोंड म्हणजे फ्लेअर शिल्लक आहे, ते चेंबरमध्ये अडणार. त्याचे ९.६६ वाले राऊंड त्यामुळेच कधीकधी पिस्तुलाची स्लाइड अर्ध्यावर ठेवायचे. आणि मापायचं ते व्हर्निअरच्या जबड्याच्या पातळ टोकाने, अगदी कडेवर, पुंगळी फिरवत. जबड्याच्या मधोमध धरलंस तर कडा चुकते आणि मागचा जाड भाग मापला जातो.

९.५० वाल्यांचं काय? भाच्याला ते सर्वांत मजबूत वाटत होते. कायनेटिक पुलर म्हणून हातोडीसारखं साधन मिळतं, त्यात असा राऊंड घालून आपटला की गोळी सुटून येते. (यातही टोपीवर काही आपटायचं नाही, आणि चष्मा लावायचा.) तीन गोळ्या काढल्या. तिन्हींच्या अंगाला खोल कंगोरा, तांब्याचा मुलामा कापलेला, आत शिसं दिसतंय. अशी गोळी नळीत सरळ चालत नाही. कागदावर तिचं भोक आडवं, किल्लीच्या भोकासारखं पडतं. आणखी वाईट म्हणजे त्या राऊंडांची पकड कमी झाली होती. पितळ आवळलं तर परत थोडं उलगडतं, शिसं उलगडत नाही. जास्त दाबलंस की दोन्ही आत जातात, मग पितळ मागे येतं, शिसं तिथेच राहतं, आणि दोघांमध्ये फट. धाव ठोकून ठोकून चाक लहान केल्यासारखं. योग्य दाबलेल्या राऊंडची गोळी काढली तर तिच्या अंगावर नखाला लागेल न लागेल अशी रेघ असते. पंधरवड्यातून एक तरी राऊंड असा उघडून बघ.

आणि सीटिंग आणि क्रिम्प एका डायने एकदम करू नकोस. त्याच्या पेटीतली डाय दोन्ही करते म्हणून तो खूश होता. पण गोळी अजून खाली सरकतेय आणि तोंड आवळायला लागलं, तर शेवटचं केसभर अंतर गोळी त्या कडेवर घासत जाते. साल निघते, पुंगळीच्या तोंडाखाली फुगवटा येतो, आणि पुंगळी जरा लांब असली तर लवकर आवळते, मग खोलीपण बदलते. दोन कामं, दोन जागा. सीटिंग डाय इतकी वर घ्यायची की ती तोंडाला शिवणारच नाही. क्रिम्पच्या काही वेगळ्या डायना तळाशी कार्बाइडची कडी असते, तिच्या बाबतीत एक ध्यानात ठेव: शिशाची जाड गोळी असेल तर ती कडी बाहेरून दाबून आतली गोळी लहान करू शकते. जॅकेटवालीला सहसा काही होत नाही.

रिव्हॉल्व्हरला मात्र आईची करंजी आठव. ०.३८ स्पेशलचा राऊंड बुडाच्या कडेवर थांबतो, त्यामुळे तोंडाची मुरड चालते, आणि गोळीच्या अंगाला त्यासाठी खाचही असते. तिथे मुरड लागतेच, कारण एक राऊंड उडाला की बाकीच्यांना मागे झटका बसतो आणि गोळ्या पुढे सरकायला बघतात. एखादी पुढे आली तर सिलिंडर फिरायचाच थांबतो. मुरड सारखी पडायची तर पुंगळ्या एका लांबीच्या कापून घ्याव्या लागतात. नऊला तो खटाटोप लागत नाही.

तपासायचं कसं, हे त्याने विचारलं तेव्हा मी त्याला पिस्तुलाची नळी काढायला लावली. राऊंड नळीत सोडायचा. टप्प आवाज येऊन तो बसला पाहिजे, बोटाने फिरवला तर मोकळा फिरला पाहिजे, नळी उलटी केली तर आपोआप पडला पाहिजे. बसला पण फिरत नाही, म्हणजे गोळी आटे सुरू होतात तिथे टेकते आहे, खोल बसव. फिरतो पण पुरता बसत नाही, म्हणजे तोंड मोठं किंवा फुगवटा. त्याच्या जुन्या पिस्तुलात २८.९५ चालायचे. नव्या झेक पिस्तुलाच्या नळीचा घसा आखूड, तिच्यात २८.७० शिवाय गत नाही. पुस्तकात कमाल लांबी २९.६९ लिहिली आहे म्हणून तेवढी भरायची असं नसतं. तुझी नळी काय म्हणते ते बघायचं. मात्र खोल बसवलंस की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. लांबी कमी केलीस तर दारूही कमी करून पुन्हा खालून चढत यायचं, पुस्तक उघडं ठेवून.

पकड तपासायला टोपी नाही, दारू नाही, असा एक नुसता राऊंड बनवायचा. त्याची लांबी माप, नाक बाकाच्या लाकडावर टेकवून दोन्ही अंगठ्यांनी जीव खाऊन दाब, पुन्हा माप. आकडा हलला तर पकड कच्ची, आणि तिचा इलाज क्रिम्पमध्ये शोधायचा नाही हे आता तुला माहीत आहे. साइझिंग डाय बघ, एक्स्पांडर फार जाड नाही ना बघ. हाच नुसता राऊंड पास झाला की त्याच्या पुंगळीला आडवं भोक पाडून ठेव, म्हणजे खऱ्यात मिसळणार नाही. पुढच्या वेळी डाय जुळवताना तोच वापर. माझ्याकडे असा एक होता, निवृत्तीच्या दिवशी गेटवर जमा केला.

तोच राऊंड पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवायचा नाही, हे खास करून घरात पिस्तूल भरून ठेवणाऱ्यांसाठी. चढताना दर वेळी नाक उतारावर आपटतं आणि गोळी थोडी थोडी आत जाते. बाहेरून काही कळत नाही, आत दाब वाढत असतो.

शेवटी माझी एक फजिती. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी सकाळपाळीला सलग दोन ट्रे नापास केले. सगळे राऊंड दोन शतांशांनी मोठे. लाइन थांबली, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला वाटलं आज बढती. चार्जमन आले, काही न बोलता माझा व्हर्निअर घेतला, जबडे मिटून खिडकीच्या उजेडात धरला. मधून बारीक उजेड येत होता. पितळेचा कणभर कीस अडकला होता. त्यांनी तो फुंकरीने उडवला आणि व्हर्निअर परत दिला. ओरडले नाहीत, पण तिसरा ट्रे मापेपर्यंत शेजारी उभे राहिले. तेव्हापासून मी दर वीस मापांनंतर जबडे मिटतो आणि उजेडात धरतो. भाच्याचा डिजिटल कॅलिपर शून्यावर तीन शतांश दाखवत होता. बॅटरी बदलली, मिटला, पुसला, शून्य.

संध्याकाळी त्याने पन्नास नवे भरले. एक शिक्का, गोल खुंट, भरलेली थाळी, दोन वेगळ्या डाय. ओळीने दहा उचलून मापले: २८.६७ ते २८.७४. तोंड सगळ्यांचं ९.५९ किंवा ९.६०. तो म्हणाला, आता वहीत लिहायचं काय उरलं? सगळं उरलंय. गोळीची पेटी बदलली, पुंगळीचा शिक्का बदलला, दारूचा डबा बदलला, की आकडे बदलतात.

नगरला परत आल्यावर लष्कराच्या के. के. रेंजवरच्या तोफांनी खिडक्यांच्या काचा हादरल्या तेव्हा ताई म्हणाली, तिकडे शांत असेल नाही? शांत कसलं! तर बाळा, रविवारी फोन करशील तेव्हा खुशाली नंतर सांग. आधी वही उघड आणि शेवटच्या दहा राऊंडांचे आकडे वाचून दाखव.